पुस्तक खिडकीकडे धरा

खासबागेत आमच्या शाळेभोवती यंत्रमागांचा खटखटाट सुरू झाला की व्हिडिओचा आवाज मुलांपर्यंत पोचत नाही, ही वर्गात व्हिडिओ न दाखवण्याची माझी कायमची सबब. खरी भीती वेगळीच : फोन चालवताना पोरांसमोर अडलो तर? परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना क्यूआर कोडच्या पुस्तकांसाठी २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. कौतुक वाटलं, धीर काही आला नाही. तो दिला सातवीतल्या एका पोरीनं. आज कोड स्कॅन होईना, तर तिनं ओढणीनं कॅमेऱ्याची काच पुसली, पुस्तक खिडकीकडे तिरपं धरलं. "सर, पानावर तुमची सावली पडतीय." दीक्षा ॲपवरचा पाठ उघडला. घरी मागावरचा तुटलेला धागा जोडणारी ही पोरं. अडलेल्या यंत्राची त्यांना लाज कसली? उद्यापासून फोन तिच्याच हाती. डेटा मात्र माझाच जाणार.