न सांभाळलेला अपवाद

पेढीवर रोकड मोजणाऱ्या कारकुनाला नोट संशयास्पद वाटली, तर तो स्वतः निवाडा करीत नाही. हातातले काम थांबवून तो ती बाब मुनीमजींकडे नेतो. त्यांनाही अधिकार नसेल तर ती शेठजींपुढे जाते. संगणकाच्या आज्ञावलीतही अशीच व्यवस्था असते. एक उपक्रम दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला काम सोपवितो. तिसऱ्यापुढे अशक्य प्रसंग आला की तो ‘अपवाद’ उपस्थित करतो. मग मधल्यांची अर्धवट कामे गुंडाळली जाऊन नियंत्रण थेट अशा वरच्या उपक्रमाकडे जाते, ज्याने त्या प्रसंगाची तजवीज करून ठेवली आहे.

अशी तजवीज कोणीच केली नसेल तर?

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून युरोपचे आरियान-५ हे रॉकेट प्रथमच झेपावले. त्याला दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतील एडा भाषेतील आज्ञावली जुन्या आरियान-४ वरून उचललेली होती. तीत आडव्या वेगाशी निगडित ६४ बिटांची संख्या १६ बिटांत बसवावी लागे, आणि तेथे ३२,७६७ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. नव्या रॉकेटचा आडवा वेग फार लवकर वाढला. आकडा मावला नाही आणि अपवाद उद्भवला. नियम असा होता की, कोणताही अपवाद आला की दोष कळवून यंत्र बंद करावे. राखीव यंत्र काम सांभाळील. पण राखीव यंत्रातही तीच आज्ञावली! ते आधीच बंद पडले होते. मुख्य संगणकाने दोषाचा संदेशच उड्डाणाची माहिती समजून रॉकेट वळविले. सुमारे ३,७०० मीटर उंचीवर त्याचे तुकडे झाले, आणि ‘क्लस्टर’ मोहिमेचे चार उपग्रह त्यासोबत गेले.

धोक्याच्या ७ राशींपैकी ४ राशींना संरक्षण दिले होते. संगणकावरील भार ८० टक्क्यांच्या आत राहावा म्हणून उरलेल्या ३ तशाच सोडल्या होत्या. काटकसर म्हणून हे समजण्यासारखे आहे. न समजण्यासारखे हे की, ही गणना उड्डाणानंतर आरियान-५ ला मुळी नकोच होती. बंद झालेल्या खात्यावर व्याज आकारीत बसावे, तसा तो प्रकार होता.

गणितज्ञ ज्याक-लुई लिओंस यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने १९ जुलै १९९६ रोजी अहवाल दिला. कोणत्याही संवेदकाने माहिती देणे थांबवू नये, निदान जमेल तेवढी तरी द्यावी, ही त्यातील एक शिफारस होती. नवे चार ‘क्लस्टर’ उपग्रह २००० साली बैकोनूरहून रशियन सोयुझ रॉकेटांनी अवकाशात नेले.