सव्वाचारचा वाडगा

डिसेंबर महिन्यात जपानमधील कोबे शहरात सूर्य पावणेपाचच्या सुमारासच मावळतो. सांगलीच्या घरी सहाच्या आत स्वयंपाक आवरण्याची सवय अंगवळणी पडलेल्या आजींना मुलाकडे आल्यावर पहिला धक्का बसला तो या घड्याळाचा. नातू शाळेतून घरी येई चार वाजता. हातपाय धुऊन, कपडे बदलून सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे, तर हाती जेमतेम अर्धा तास उरे.

कोबे हे मोत्यांच्या व्यापाराचे जुने केंद्र आहे. मोत्यांची प्रतवारी, जुळणी आणि ओवणी येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. या व्यापाराच्या निमित्ताने आलेली अनेक जैन कुटुंबे येथे स्थिरावली आणि कितानो भागात त्यांनी १९८५ साली संगमरवरी मंदिर उभारले. आजींचा मुलगाही याच व्यवसायात होता. रोज सकाळी मंदिर, मग पेढी, असा त्याचा नेम होता. परक्या मुलुखात घराचे वळण मोडू नये, याबद्दल तो सांगलीत असताना होता त्याहून अधिक काटेकोर झाला होता.

आजी येऊन आठवडा झाला असेल. एका संध्याकाळी अकरा वर्षांचा नातू उत्साहाने घरी आला आणि त्याने आपण होऊन सांगितले, की मित्राच्या आईने दोघांना रामेनच्या दुकानात नेले होते. ''मी मांसाचा तुकडा काढून बाजूला ठेवला, नुसत्या शेवया आणि सूप घेतलं,'' असे तो अभिमानाने म्हणाला. त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हते, की रामेनचा जीव त्या सुपातच असतो आणि ते पुष्कळदा डुकराची हाडे तासन्‌तास उकळून केलेले असते. बाप संतापला. बोलू नये ते बोलून गेला. मुलगा खोलीत गेला, आणि पुढचे तीन दिवस घरात त्याचा आवाज ऐकू आला नाही.

सुनेला वाईट वाटले ते घडलेल्या दोषाचे. आजींना चिंता लागली ती निराळीच. रात्री त्या मुलाला म्हणाल्या, ''अरे, तो खरं बोलला म्हणून तुला कळलं. खऱ्याला मार बसला, तर पुढच्या वेळी तो खातानाही खाईल आणि सांगणारही नाही. मग काय वाचवलंस?'' मुलगा काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी आजी सुनेबरोबर बाजारात गेल्या. तयार रामेनच्या पुड्या रंगीबेरंगी आणि स्वस्त होत्या. आजींनी सुनेकडून तीन जपानी अक्षरचिन्हांची ओळख करून घेतली : 'बुता' म्हणजे डुक्कर, 'तोरी' म्हणजे कोंबडी, 'कात्सुओ' म्हणजे एक समुद्री मासा. वाचता न येणाऱ्या भाषेतील ती तीन चित्रे त्यांनी डोळ्यांत साठवली आणि एकेक पुडी उलटून पाहिली. भाज्यांची चित्रे छापलेल्या पुड्यांतही यांतले एखादे चिन्ह सापडेच. रिकाम्या हाताने परतताना त्या म्हणाल्या, ''विकत मिळत नाही ना, मग घरी करू.''

या झटपट रामेनची कथाही कोबेपासून फार दूरची नाही. युद्धानंतरच्या टंचाईत ओसाकात थंडीत कुडकुडत रामेनच्या गाड्यापुढे रांगेत उभी असलेली माणसे मोमोफुकु आंदो यांनी पाहिली होती. पुढे व्यवसायात सर्वस्व गमावल्यावर इकेदा गावी घरामागच्या खोपटात त्यांनी प्रयोग मांडला आणि १९५८ साली, वयाच्या ४८व्या वर्षी, तळून वाळवलेली रामेन बाजारात आणली. तळताना शेवयांतील पाणी उडून जाते आणि बारीक छिद्रे राहतात. गरम पाणी त्या छिद्रांत शिरले, की शेवया पुन्हा मऊ होतात.

पण दुकानातील शेवयांचा पिवळसर रंग आणि तुकतुकीत चिवटपणा कशाचा, हे सुनेला कळत नव्हते. पिठात खारट क्षारांचे पाणी घालतात, एवढे तिने वाचले होते. आजी हसल्या. ''म्हणजे पापडखारच की!'' उडदाच्या पापडात जन्मभर पापडखार घातलेल्या हातांना ते कोडे नव्हते. सुनेने मग शेजारणीकडून ऐकलेली युक्ती सांगितली : साधी बारीक स्पगेटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळली, की तिला रामेनची चव आणि पोत येतो. ही स्पगेटी नुसत्या गव्हाची असते, तीत अंडे नसते.

कृती ठरली ती अशी. दुपारीच एक वाटी मूगडाळ सहा वाट्या पाण्यात मऊ शिजवून तिचा कट गाळून ठेवायचा. दोन पिकलेले टोमॅटो त्यात उकळून पुन्हा गाळायचे, कारण सुपाला लागणारी खोल, रुचकर चव टोमॅटोत उपजतच असते. तीन मोठे चमचे तीळ खमंग भाजून बारीक वाटायचे आणि कटात मिसळायचे. कांदा, लसूण, आले यांच्या जागी तिळाच्या तेलात हिंगाची फोडणी, चिमूटभर सुंठ आणि भरड मिरी. कोबीचे एकेक पान सुटे करून, उजेडात निरखून, मग बारीक चिरायचे. जोडीला मक्याचे दाणे, फरसबी आणि ढबू मिरची. होक्काइडोकडच्या रामेनमध्ये मक्याचे दाणे असतातच, त्यामुळे तेथे तडजोड करावी लागली नाही. मोड आलेले मूग मात्र वगळले.

नातू घरी आला, की मोठ्या पातेल्यात दोन लिटर पाणी उकळायचे आणि त्यात दोन मोठे चमचे सोडा थोडाथोडा टाकायचा. एकदम टाकला, तर फेस उतू जातो. स्पगेटी शिजली, की गरम पाण्याने धुवायची, नाहीतर सोड्याची चव मागे राहते. दुसऱ्या शेगडीवर भाज्या कटात पाचच मिनिटे. सव्वाचारला वाडगे पानावर येत.

पहिल्या दिवशी नातवाने दोन घास खाल्ले. ''दुकानातल्यासारखं नाही,'' तो म्हणाला. सून कष्टी झाली. आजींनी शांतपणे विचारले, ''नसणारच. पण कमी काय आहे, ते सांग.'' तीन दिवसांनंतर प्रथमच तो नीट बोलला : सूप पातळ आहे. दुसऱ्या दिवशी तीळ वाढले. तिसऱ्या दिवशी सोडा त्याने स्वतः टाकला आणि फेसाशी झुंजताना खळखळून हसला.

त्याच आठवड्यात सुनेने त्याला एक जपानी शब्द सांगितला, 'शोजिन'. झेन मठांतील हा स्वयंपाक मांस-मासे तर वर्ज्य मानतोच, कांदा-लसूणही मानतो. दोगेन या आचार्यांनी १२३७ साली मठाच्या स्वयंपाक्याची कर्तव्ये सांगणारा ग्रंथ लिहिला आहे. नातवाने वर्गात सांगितले, की आमच्या घरचे जेवण साधारण शोजिनसारखे असते. ''त्यांना लगेच समजलं,'' तो घरी येऊन म्हणाला. आजवर त्याला आपले जेवण 'हे चालत नाही, ते चालत नाही' अशा नकारांनीच समजावून द्यावे लागत होते. आता त्याच्यापाशी एक होकारार्थी शब्द होता.

एका शनिवारी बाप पेढीवरून लवकर आला आणि मुलाशेजारी बसला. वाडगा संपल्यावर खाली पाहतच म्हणाला, ''त्या दिवशी तू खरं सांगितलंस, ते बरं केलंस.'' मुलाने मान हलवली. एवढेच झाले, पण आजींना ते पुरेसे वाटले.

फेब्रुवारीत त्या सांगलीला परतल्या. कोबेचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. कधी दुपारी पाऊण वाजता, त्या जेवायला बसण्याच्या बेतात असताना, फोन वाजतो. पलीकडून शेगडीचा आवाज येतो आणि नातू सांगतो, ''आजी, सोडा टाकला. उतू नाही गेलं.''

मुलांना 'नाही' म्हणणे सोपे असते. त्या 'नाही'च्या जागी काय, हे दाखवण्यासाठी मात्र चुलीपाशी उभे राहावे लागते.