भुतांच्या गावातली डेझी

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात सव्हाना नावाचं नदीकाठचं शहर आहे. तिथे अंधार पडला की रस्त्यांवर शववाहिका फिरू लागतात. काळ्या, लांबलचक, वरचा टप कापून काढलेल्या. आत प्रवासी दाटीवाटीने बसलेले असतात आणि माइकवरून त्यांना सांगितलं जातं, या खिडकीत कोण दिसतं, त्या जिन्यावर कुणाची पावलं वाजतात. जुन्या ओकच्या फांद्यांवरून स्पॅनिश मॉसच्या करड्या जटा लोंबतात. एखादी केसांजवळून गेली की गाडीतली माणसं किंचाळतात आणि लगेच खदखदून हसतात. आपल्या कोकणात भुताची गोष्ट दिवा बारीक करून, आवाज खाली आणून सांगतात. इथे ती घरातल्या खोडकर काकांच्या आठवणी निघाव्यात तशी मोठ्याने आणि मायेने सांगतात. मला ही रीत फार आवडली.

माझ्याबरोबर माझी मावसबहीण होती. मी तिला ताई म्हणते. ती बरीच वर्षं अटलांटात राहते. पन्नाशी जवळ आली असताना तिचा घटस्फोट झाला. ‘आता पुढे काय?’ असं तिला सगळ्यांनी विचारलं, पण सगळ्यांच्या आवाजात सुतक होतं. मला तिला सव्हानातल्या एका बाईचं घर दाखवायचं होतं. शाळेत मी गाइड होते. दोरीच्या गाठी, चूल मांडणं, प्रार्थना, शिबिरं यातच माझं अर्धं बालपण गेलं. स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांचं नाव आम्हाला पाठ होतं. ज्युलिएट गॉर्डन लो हे नाव मात्र मोठेपणी वाचनात आलं, आणि तेव्हापासून ते मनातून गेलं नाही.

अटलांटा ते सव्हाना साधारण चारशे किलोमीटर. मेकन गावापर्यंत वाहनांची गर्दी असते. तिथून पुढे नाकासमोर जाणारा महामार्ग आणि दोन्ही बाजूंना पाइनची न संपणारी झाडी. गाडी ताई चालवत होती. मध्येच म्हणाली, “इतकी वर्षं लांबच्या प्रवासात मी शेजारी बसून सगळ्यांना संत्री सोलून दिली गं.” त्या दिवशी संत्री मी सोलली.

सव्हाना पायी फिरायचं शहर आहे. जेम्स ओगलथॉर्प इंग्रज वसाहतवाल्यांना घेऊन 1733 च्या फेब्रुवारीत इथे उतरला आणि त्याने चौकांचा असा नकाशा आखला की आजही दर पाच मिनिटांनी सावलीतलं एक बाक मिळतं. पुढे चौक चोवीस झाले, त्यांतले बावीस आज शिल्लक आहेत. ही जमीन यामाक्रॉ लोकांची. त्यांचा म्हातारा प्रमुख टोमोचिची याने पाहुण्यांना जागा दिली, मैत्री केली, आणि 1739 मध्ये तो वारला तेव्हा गावाने त्याला चौकात मानाने पुरलं. दीडशे वर्षं होत आली तशी त्याच जागेवर एका रेल्वेवाल्या बड्या गृहस्थाचं स्मारक उभं राहिलं. राइट स्क्वेअर नावाच्या त्या चौकात रात्री कोण हिंडतं याच्या पुष्कळ गोष्टी आहेत. माझ्या मते हिंडायचा पहिला हक्क टोमोचिचीचा.

तो रेल्वेवाला म्हणजे विल्यम वॉशिंग्टन गॉर्डन, आणि या अन्यायाची टोचणी लागली ती त्याच्याच सुनेला. तिचं नाव नेली. तिने पुढाकार घेतला आणि 1899 मध्ये स्टोन माउंटनवरून ग्रॅनाइटची प्रचंड शिळा आणून टोमोचिचीच्या नावाने त्याच चौकात बसवली. खाणवाले पैसे घेईनात. नेली ऐकेना. शेवटी त्यांनी बिल पाठवलं, ‘रक्कम अखेरच्या न्यायनिवाड्याच्या दिवशी द्यावी.’ नेलीने पैसे ताबडतोब पाठवले आणि कळवलं की त्या दिवशी मी माझ्याच भानगडी निस्तरण्यात गुंतलेली असेन. ही गोष्ट ऐकून ताई चौकातच मोठ्याने हसली. असं हसताना मी तिला फार दिवसांनी पाहत होते.

या नेलीची मुलगी म्हणजे आमची ज्युलिएट. घरातलं नाव डेझी. जन्म 31 ऑक्टोबर 1860 चा, म्हणजे नेमका हॅलोवीनचा, भुतांच्या सणाचा. ओगलथॉर्प अव्हेन्यू आणि बुल स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचं तिचं घर अजून दिमाखात उभं आहे. गॉर्डन घराणं कापसाच्या व्यापारातलं, आणि त्या कापसामागे गुलामांचे हात होते हे त्या घरापुढे उभं राहताना विसरता येत नाही. यादवी युद्धात बाप दक्षिणेकडून लढत होता, आई माहेरची उत्तरेतल्या शिकागोची. 1864 च्या डिसेंबरात उत्तरेच्या जनरल शर्मनच्या फौजेने सव्हाना घेतलं आणि उत्तरेचे सेनापती नेलीच्या दिवाणखान्यात येऊन बसले. त्यांतल्या जनरल हॉवर्डला एक हात नव्हता. चार वर्षांच्या डेझीने विचारलं, हात कुठे गेला? लढाईत बंडखोरांनी घालवला, असं उत्तर मिळालं. तेव्हा ती म्हणाली, मग तो माझ्या बाबांनीच घालवला असेल, त्यांनी उत्तरेकडचे खूप यांकी मारलेत. जनरलच्या मांडीवर बसून हे बोलणारी मुलगी पुढे कुणाला घाबरेल असं वाटत नाही.

या घराचं भूत सव्हानातलं सगळ्यात लाघवी भूत आहे. डेझीचे आईवडील एकमेकांवर जीव टाकणारे. वडील 1912 मध्ये गेले. नेलीने बजावून ठेवलं होतं की मी जाईन तेव्हा काळे कपडे घालून रडत बसू नका, मी माझ्या विलीकडे चाललेली असेन. फेब्रुवारी 1917 मध्ये ती अंथरुणाला खिळली होती. मुलं उशाशी. एक सून शेजारच्या खोलीत टेकली होती. तिने पाहिलं, सासरेबुवा नेलीच्या खोलीतून बाहेर आले, शांत, प्रसन्न चेहऱ्याने, आणि जिन्याकडे गेले. त्याच सुमाराला नेलीचा प्राण गेला. सुनेचं ऐकून घरच्यांनी म्हटलं, थकवा आहे, भास झाला. मग सगळे खाली आले तर दाराशी जुना बटलर डोळ्यांत पाणी घेऊन उभा. त्याने सांगितलं, मोठे साहेब आत्ता जिना उतरून पुढच्या दाराने बाहेर गेले, बाईसाहेबांना न्यायला आले होते. वरच्या खोलीतलं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. दोन माणसं, दोन मजले, एकच दृश्य. गावात हे कोडं शंभर वर्षं चघळलं जातंय आणि ते सुटावं अशी कुणाची इच्छा दिसत नाही. माझीही नाही.

ताईने एवढंच विचारलं, “आणि अशा आईबापांच्या मुलीचं काय झालं?”

डेझीने आपल्या लग्नाला आईवडिलांच्या लग्नाचीच तारीख धरली, 21 डिसेंबर. साल 1886. नवरा विल्यम लो, बड्या कापूस व्यापाऱ्याचा एकुलता एक मुलगा. चर्चच्या दारात वऱ्हाड्यांनी नवदांपत्यावर तांदूळ उधळले. त्या अक्षतांतला एक दाणा तिच्या कानात शिरून बसला. तो काढताना पडदा फाटला, कान चिघळला. दुसऱ्या कानाची वाट आधीच एका चुकीच्या औषधाने लागली होती. लग्नाने तिला पहिली भेट दिली ती बहिरेपणाची.

लग्नानंतर दोघं इंग्लंडमध्ये राहू लागली. तिथे राजपुत्राच्या वर्तुळात घोडे, शिकारी, मेजवान्या. मूल झालं नाही. नवरा दूर दूर राहू लागला. तेव्हा डेझी लोहारकाम शिकली. ऐरणीवर हातोडा मारून तिने आपल्या घरासाठी लोखंडी फाटक घडवलं. मेजवानीच्या रेशमी झग्यातच रात्री मासे धरायला निघाली, तेही रुडयार्ड किपलिंगला बरोबर ओढून. होय, तोच, आपल्या मुंबईत जन्मलेला. मग नवऱ्याने दुसऱ्या बाईला घरात आणून ठेवलं आणि डेझी बाहेर पडली. घटस्फोटाची बोलणी, वकील, वर्तमानपत्रांत नाव येण्याची धास्ती, हे सगळं काही वर्षं चाललं. हुकूम होण्याआधीच, 1905 मध्ये, विल्यम लो मेला. मृत्युपत्र उघडलं तर इस्टेट त्या बाईच्या नावे. डेझी भांडली. तडजोडीत तिला पैसे मिळाले आणि सव्हानाच्या लाफायेट स्क्वेअरमधलं सासऱ्याचं घर मिळालं.

पुढची सहा वर्षं तिने काढली कशी, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ती हिंडली, मूर्तिकला शिकली. आपल्या आयुष्याला काही अर्थ उरलेला नाही असं तिच्या मनाने घेतलं होतं. 1911 मध्ये लंडनला बेडन-पॉवेल भेटले. त्यांचं स्काउटचं आणि त्यांच्या बहिणीचं गाइडचं काम तिने पाहिलं. लगेच स्कॉटलंडच्या एका दरीत तिने सात गरीब मुलींचं पथक काढलं आणि त्यांना कोंबड्या पाळायला, लोकर कातायला शिकवलं, म्हणजे पोटासाठी त्यांना गाव सोडून गिरणीत जावं लागू नये. मग जहाज पकडून ती सव्हानाला आली. आल्या आल्या एका नात्यातल्या शिक्षिकेला फोन करून म्हणाली, ताबडतोब ये, काम आजच सुरू करायचं आहे. 12 मार्च 1912 ला अठरा मुलींची नोंद झाली. अमेरिकेतल्या गर्ल स्काउट संस्थेची ही सुरुवात. डेझी तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती.

लाफायेट स्क्वेअरमध्ये अँड्र्यू लो हाउस बघायला गर्दी असते. आत गुळगुळीत जिने आणि भारी लाकडी सामान. आम्हाला ओढ होती मागच्या गाडीखान्याची. बग्ग्या ठेवायची ती जागा डेझीने मुलींना दिली आणि तिथे गर्ल स्काउटचं पहिलं ठाणं झालं. दगाबाज नवऱ्याच्या बापाच्या इस्टेटीवर गावभरच्या मुली गाठी मारायला, बास्केटबॉल खेळायला, तंबू ठोकायला शिकू लागल्या. पैसे संपले तेव्हा तिने आपला मोत्यांचा हार विकला. नको असलेलं कुणी बोललं की तिला ऐकूच यायचं नाही, आणि नाही म्हणणाऱ्यांचं तर कधीच नाही. कार्यकारिणीच्या एका बैठकीत गणवेशाचे नवे बूट दाखवायचे होते, तर ती सरळ डोक्यावर उभी राहिली आणि पाय वर करून सगळ्यांना बूट दाखवले. 1927 मध्ये ती कर्करोगाने गेली तेव्हा संस्थेत दीड लाखाहून जास्त मुली होत्या. लॉरेल ग्रोव्ह स्मशानभूमीत तिला गणवेशातच पुरलं आहे. दक्षिणेतल्या काळ्या मुलींना गोऱ्या मुलींच्या बरोबरीने या पथकांत यायला मात्र तिच्यानंतरही फार वर्षं लागली. हेही त्या गावाच्या इतिहासात लिहिलेलं असायला हवं.

मोडलेल्या लग्नाची आणखी एक गोष्ट सव्हानाला चिकटलेली आहे. फॅनी केंबल ही इंग्लंडची गाजलेली नटी. 1834 मध्ये तिने फिलाडेल्फियाच्या पिअर्स बटलरशी लग्न केलं. 1838 च्या अखेरीस ती जॉर्जियात त्याच्या मळ्यांवर राहायला आली आणि गुलामांचे हाल पाहून हादरली. पाहिलं ते तिने रोज लिहून ठेवलं. 1849 मध्ये घटस्फोट झाला. दोन्ही मुली बापाकडे गेल्या. फॅनीने शेक्सपिअरच्या नाटकांचं जाहीर वाचन करून स्वतःचं पोट भरलं. दहा वर्षांनी कर्जात बुडालेल्या बटलरने आपले गुलाम विकायला काढले. 2 आणि 3 मार्च 1859 ला सव्हानाबाहेरच्या टेन ब्रोक घोडदौडीच्या मैदानावर चारशेहून अधिक माणसांचा लिलाव झाला. आईबाप, भावंडं वेगवेगळ्या वाटांना लागली. दोन्ही दिवस पाऊस थांबला नव्हता असं सांगतात. त्या माणसांचे वंशज याला रडण्याची वेळ म्हणतात. फॅनीची रोजनिशी 1863 मध्ये, युद्ध चालू असताना, छापून आली.

आमच्या शववाहिकेच्या सफरीत हे मैदान नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतः शोधत गेलो. चौकांपासून दूर, पश्चिमेला, इतिहासाचा फलक आहे. ताई बराच वेळ तो वाचत उभी होती. गाडीत बसल्यावर म्हणाली, “दोघींनी लिहिलं, शिकवलं, उभं केलं. मला सगळे विचारतात, आता एकटीला कसं करमेल.” मग तिने सांगितलं की तिला शिवणकामाचं दुकान काढायचं आहे. जागा बघून ठेवली आहे. हे ती पहिल्यांदाच कुणाला सांगत होती.

सव्हानाला गेलात तर रात्रीच्या गाडीत जरूर बसा. किंचाळा, हसा, भुतांचा तो मान आहे. पण तिकीट दुसऱ्या रात्रीचं काढा. पहिला दिवस टोमोचिचीच्या शिळेला, डेझीच्या गाडीखान्याला आणि टेन ब्रोकच्या फलकाला द्या. आणि एवढ्या लांब जाणं नाहीच झालं, तर पुण्यात आळंदी रस्त्यावर संगम आहे, गाइड मुलींचं जागतिक केंद्र, 1966 पासून चालू असलेलं. देशोदेशीच्या मुली तिथे येऊन राहतात. आपल्या मुलींना, आणि नव्याने सुरुवात करू पाहणाऱ्या एखाद्या बहिणीला, तिथे आधी विचारणा करून घेऊन जा.