ड्रम्सशिवाय ‘पॅरानॉइड’

सेकंड इयरच्या पावसाळ्यात जंगली महाराज रस्त्यावर माझी गाडी घसरली. गाडीला काही झालं नाही, पण माझ्या डाव्या हाताची करंगळी वाकेनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, “लिहितोस उजव्या हाताने ना? मग झालं तर!” त्यांना काय सांगणार? गॅदरिंगला ‘पॅरानॉइड’ बसवायचं ठरलं होतं आणि लीड गिटार माझ्याकडे होती! मी गिटार कपाटावर टाकली, ती टाकलीच.

दोन महिन्यांनी एका मित्राने रूमवर एक जुनं रेकॉर्डिंग लावलं. गिटार अशी काही पळत होती की मला वाटलं, दोघं वाजवतायत. “एकच माणूस आहे, आणि सोलोला दोनच बोटं,” मित्र म्हणाला.

तो जँगो राइनहार्ट. १९२८ मध्ये, वयाच्या १८व्या वर्षी, राहत्या गाडीला लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट कायमचं आखडलं. उरलेल्या दोन बोटांनी तो सोलो वाजवायला शिकला. १९३४ मध्ये पॅरिसला त्यांचा पाच जणांचा ग्रुप उभा राहिला: तीन गिटार, एक व्हायोलिन, एक डबल बास. ड्रम्स नाहीतच! या संगीताला फ्रेंचमध्ये ‘जॅझ मानूश’ म्हणतात. मानूश हे जँगोच्या जिप्सी जमातीचं नाव. त्यांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी भारतातूनच तिकडे गेले, आणि मानूश म्हणजे चक्क ‘माणूस’!

पुढची गोष्ट ऐकून तर मी उडालोच. १९७० चं ‘पॅरानॉइड’ ज्या ब्लॅक सबाथचं, त्यांचा गिटारिस्ट टोनी आयोमी आधी बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. (वर्कशॉपचे काका का ओरडतात, ते आता कळलं!) खचलेल्या पोराला कारखान्याच्या मॅनेजरने जँगोची रेकॉर्ड ऐकवली. मग आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं बनवली आणि पुन्हा वाजवायला लागला.

म्हणजे ‘पॅरानॉइड’च्या मागेही जँगोच! आम्ही तिघांनी ठरवलं, हेच गाणं जँगोच्या पद्धतीने करायचं, तीन साध्या गिटारवर. लीड मित्राकडे गेली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? आम्हा दोघांकडे रिदम. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला झटका द्यायचा आणि लगेच डाव्या हाताची पकड सैल करून आवाज तोडायचा. ड्रम्सचं काम तेच करतं. कॉर्ड छोटे धरले की तीन बोटांत बसतात.

गॅदरिंगला निम्मं पब्लिक “ड्रमर कुठंय?” म्हणून ओरडत होतं. मिनिटभर गाणं कुणी ओळखलंच नाही. मग मागच्या रांगेतून कुणीतरी गायला लागलं आणि हॉलभर टाळ्या सुरू झाल्या... नेमक्या चुकीच्या मात्रेवर! तेव्हा कळलं, आता मी हललो तर गाणं गेलं. मान खाली घालून वाजवत राहिलो. शेवटी टाळ्याच आमच्या मात्रेवर आल्या.

करंगळी अजून वाकत नाही. लीड वाजवायची हौसही गेलेली नाही. पण गिटार कपाटावरून खाली आली आहे, ती खालीच आहे.