पाऊण घोडा

हॉर्सपॉवर हा शब्द रूढ झाला तो मुळी गिऱ्हाइकासाठी. जेम्स वॅटला वाफेची यंत्रं विकायची होती आणि गिऱ्हाइकाच्या पदरी होते घोडे. तेव्हा मिनिटाला 33,000 पौंड वजन एक फूट उचलतो तो एक घोडा, असं त्यानं ठरवून टाकलं. आपण त्याला 746 वॅट म्हणतो. विकणाऱ्यानंच मापलेला घोडा! तो पुढं दुकानदारांच्या हाती अवखळ झाला, यात नवल ते काय?

माझी हयात सांगलीकडे विहिरींवरच्या मोटरी भरण्यात गेली. आमच्याकडची पाटी लाजाळू. मीटर नसलेल्या शेतीपंपाचं बिल हॉर्सपॉवरवर लागायचं. त्यामुळं पाचाची मोटर पाटीवर तीनाचीच म्हणवून घ्यायची. उलटं सोंग पाहायला मात्र मला अमेरिकेला जावं लागलं.

2019च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता लेकीकडे ह्यूस्टनला होतो. परसात पोहण्याचा तलाव. ऐन जुलैत त्याच्या पंपाची मोटर जळाली. त्या उन्हात पाणी फिरायचं थांबलं, की थोड्याच दिवसांत तलावाचं हिरवं डबकं होतं. त्यातून जावयांची नोकरी नुकतीच सुटलेली. कारागिराचा खर्च नको म्हणून ते स्वतःच मोटर बदलणार होते.

"बाबा, जुनी एक हॉर्सपॉवरची आहे. एकाचीच नवी स्वस्तात मिळतेय," ते म्हणाले.

मी चष्मा पुसून जुनी पाटी वाचली. ठळक अक्षरांत 'एच. पी. 1'. खाली, मुंगीच्या पावलांसारखं, 'एस. एफ. 1.65'. हा सर्व्हिस फॅक्टर. दोहोंचा गुणाकार ही मोटरची खरी ताकद. दुकानातल्या स्वस्त मोटरवरही 1च होता. पण फॅक्टर 1.25. म्हणजे सव्वा घोडा! तिच्या शेजारी होती दीडाची, फॅक्टर 1.1. गुणाकार पुन्हा 1.65. जुनी एकाची आणि नवी दीडाची सख्ख्या बहिणी. एकीनं फक्त दागिने घातलेले.

पंपातला इम्पेलर तोच राहणार होता, आणि त्याला काही पाटी वाचता येत नाही. तो जुन्याच भाराची मागणी करणार. सव्वा घोड्याची मोटर तापून बंद पडली असती, निवून चालू झाली असती, आणि असं करता करता एक दिवस जळली असती.

दीडाची महाग होती. जावयांनी हिशेब मागितला. ते मला आवडलं.

"230 व्होल्ट गुणिले पूर्ण भाराचे 8 अँपिअर, 1840. पॉवर फॅक्टर 0.9 धरा, कार्यक्षमता 75 टक्के. राहिले 1242 वॅट. भागा 746नं."

त्यांनी भागलं. 1.66. मुकाट्यानं जाऊन ते दीडाची घेऊन आले.

(जुलै 2021पासून तिथल्या सरकारनं नव्या पंपांवर मोटरची एकूण हॉर्सपॉवर छापणं सक्तीचं केलं. उशिरा का होईना, दागिने उतरले!)

पाणी फिरू लागलं तशी नातवानं विचारलं, "आजोबा, आता पाण्यात किती घोडे?"

प्रवाहमापकावर मिनिटाला 60 गॅलन होते. दोन्ही दाबमापकांवरून 50 फुटांचा चढ निघाला. गुणाकार 3000, भागिले 3960.

"पाऊण," मी म्हणालो.

त्यानं बराच विचार केला. मग पंपापाशी वाकून, घोड्याची शेपटी आतच अडकली आहे का, ते पाहू लागला.