आजी काय म्हणाली?

1994 चा जानेवारी. मी बावीस वर्षांची होते आणि अकोल्यात एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. रविवारची उपासना आटोपल्यावर पाळकसाहेबांनी मला थांबवून घेतलं. अमेरिकेतल्या एका चर्चची अकरा माणसं दोन आठवड्यांसाठी येणार होती. दर्यापूर-अंजनगाव भागातल्या कुष्ठरुग्णांना भेटायचं, त्यांच्या पायांची तपासणी कशी चालते ते पाहायचं आणि जमेल तो हातभार लावायचा, असा बेत होता. त्यांना दुभाषी हवा होता. मी विचार न करता हो म्हटलं.

हो म्हणायला कारण होतं. आमच्या घरी छप्पनच्या दुष्काळाची आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. 1899-1900 च्या त्या दुष्काळात पणजोबांचे आईवडील गेले. पोर मिशनच्या अनाथाश्रमात वाढलं, तिथेच अक्षर शिकलं. "मिससाहेब आपल्यासारखं मराठी बोलायच्या," हे तिथल्या मिशनरी बाईंबद्दलचं वाक्य पणजोबांकडून आजोबांकडे आणि आजोबांकडून माझ्याकडे आलं. त्यांनी दिलेल्या भाकरीपेक्षा त्यांचं मराठी आमच्या घराच्या जास्त लक्षात राहिलं. त्या काळी अकोल्यात राहून गेलेल्या मिशनरी जेनी फुलर यांचं 'द राँग्ज ऑफ इंडियन वूमनहूड' हे पुस्तक 1900 मध्ये आलं. त्याला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना आहे. इथल्या बायकांच्या दुःखावर लिहिणारी बाई माझ्याच गावात राहिली होती, याचं मला लहानपणापासून अप्रूप. परदेशातून सेवेला आलेला माणूस म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे मिससाहेबच उभ्या राहत.

आलेली माणसं मनाने फार चांगली होती. त्यात एक वयस्क परिचारिका होती. बाकी कॉलेजातली मुलं, एक सुतार, एक निवृत्त जोडपं. सगळ्यांनी वर्षभर पैसे साठवून तिकिटं काढली होती. ती पहाटे उठून प्रार्थना करत आणि ऊन चढेपर्यंत न थकता हिंडत.

आमच्या सोबतच्या आरोग्यसेवकांनी पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगितलं. कुष्ठरोग औषधाने बरा होतो. 1982 पासून बहुविध औषधोपचार सुरू झाले, ठरलेले महिने गोळ्या घेतल्या की जंतू मरतो. पण मेलेली नस परत येत नाही. पायाला जाणीव नसते. काटा रुतला, चटका बसला, चप्पल घासली, काही कळत नाही, आणि माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. बोटं रोगाने झडतात असं लोक समजतात. खरं तर न कळलेल्या जखमांनी ती झिजतात, वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिलं. म्हणून रोज वीस मिनिटं साध्या पाण्यात पाय भिजवायचे, जाड झालेली कातडी खरबरीत दगडाने हलकेच घासायची, पाय ओले असतानाच तेल लावायचं, आणि मग तळवा डोळ्यांनी तपासायचा. पायाला जे कळत नाही ते डोळ्यांनी पाहायचं. चप्पल आत मऊ, खाली टणक रबराची, टाचेला पट्टा असलेली. तिला खिळा एकही नको. हे रोज, जन्मभर.

मी शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं.

नवव्या दिवशी अंजनगावच्या अलीकडच्या एका गावात गेलो. तिथे एक आजी होती. एकटीच राहायची, तीन शेळ्या होत्या. औषधं कधीच पूर्ण झालेली, दोन्ही तळवे बधिर. निवृत्त जोडप्याने पेटीतून नव्याकोऱ्या सँडल काढल्या. मायदेशी दुकानात जाऊन, माप अंदाजाने धरून, मनापासून घेतलेल्या. त्यांच्यातल्या बाईंनी गुडघ्यावर बसून त्या स्वतः आजीच्या पायात घातल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आरोग्यसेवक तेव्हा पलीकडच्या घरी होते.

आजीने पाय इकडेतिकडे वळवून पाहिला आणि मला विचारलं, "पोरी, हे चप्पल चावते का नाई, मले कसं समजन वं?"

"आजी काय म्हणाली?" बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "आजी म्हणते, तुमचे फार उपकार झाले."

हे मी का केलं, याचं उत्तर मला पुढची कित्येक वर्षं शोधावं लागलं. त्या बाईचा आनंद मोडायला जीव धजला नाही, हे खरं. पण मोठं सत्य वेगळं होतं. मला पाहुण्यांसमोर आपली माणसं कृतज्ञ दिसायला हवी होती. आजीचा प्रश्न मला उद्धट वाटला. माझ्याच भाषेत विचारलेला, नऊ दिवसांत ऐकलेला सगळ्यात शहाणा प्रश्न, आणि तो मी गिळून टाकला.

पाहुणे गेले. तीन आठवड्यांनी आरोग्यसेवकांचं पत्र आलं. आजीच्या उजव्या पायाला अंगठ्याच्या मुळाशी पट्टा घासून व्रण झाला होता, आणि तो खोल गेला होता.

शनिवारी मी अकोल्याहून मूर्तिजापूरला गेले आणि अचलपूरकडे जाणारी शकुंतला धरली. त्या छोट्या रुळांच्या गाडीला घाई माहीत नव्हती. दोन्ही बाजूंना वेचणी झालेल्या पराट्या, उघडी काळी जमीन. मनात मी क्षमेचं वाक्य जुळवत होते. आजीच्या दारात पोचले तेव्हा अंगणात एकच शेळी होती. अशा व्रणाला पहिलं औषध म्हणजे त्या पायावर भार न टाकणं. आजी खाटेवर, शेळ्या चारणार कोण? दोन विकल्या होत्या.

मी रडत सगळं सांगितलं. तू काय बोललीस ते मी सांगितलंच नाही, म्हटलं. आजी जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मले वाटलं, त्याइले समजलं, तरी देल्ली." म्हणजे इतके दिवस तिचा समज असा होता, की तिचा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचला होता आणि तरीही त्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं. माझ्या एका वाक्याने ती चांगली माणसं तिच्या मनात निष्ठुर ठरली होती.

त्या दिवशी आरोग्यसेवकांकडून मी पट्टी बांधायला शिकले. सुट्टी मिळेल त्या शनिवारी जात राहिले. व्रण भरायला उन्हाळा उजाडला.

मधल्या काळात मी त्या परिचारिकेला पत्र लिहिलं. सँडल, प्रश्न, माझं खोटं, दोन शेळ्या, सगळं लिहिलं. उत्तर आलं ते छोटं. त्यात स्वतःची सफाई नव्हती, मला बोल लावणंही नव्हतं. आजीच्या शेळ्यांसाठी काय करणं योग्य ठरेल हे आजीलाच विचार, असं लिहिलं होतं. शिवाय, पायाबद्दल विचारायला लागणारी दहा मराठी वाक्यं देवनागरीत आणि उच्चारासह पाठव, अशी विनंती होती.

छोट्या मुदतीच्या सेवेला मी तेव्हापासून नावं ठेवत नाही आणि डोक्यावरही घेत नाही. अमरावतीजवळ तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 साली कुष्ठरुग्णांसाठी घर उभं केलं आणि त्यातच आयुष्य घातलं. तसं राहणं प्रत्येकाला जमणार नाही. पण दोन आठवड्यांसाठी येणाऱ्यालाही ऐकता येतं. वस्तू आणायच्या आधी विचारता येतं. आणि मधे उभं राहणाऱ्या आमच्यासारख्यांनी खरं सांगायला हवं. ख्रिस्ताने शिष्यांचे पाय धुतले, हे आम्ही दर पवित्र गुरुवारी ऐकतो. पाय धुवायचे तर आधी पाय हातात घ्यावा लागतो, वळवून तळवा पाहावा लागतो.

पुढच्या वर्षी, 1995 च्या जानेवारीत, ती परिचारिका एकटीच आली. आजीच्या अंगणात बसून तिने अडखळत विचारलं, "आजी, पाय दाखवता?"

आजीने आधी तिच्या पिशवीकडे पाहिलं. "औंदा काई आनलं नाई ना?"

"आजी काय म्हणाली?" तिने माझ्याकडे वळून विचारलं.

मी जसंच्या तसं सांगितलं. तिने दोन्ही हात पसरून रिकामे दाखवले. आजीने मान हलवली, लुगडं सावरलं आणि पाय पाण्याच्या घमेल्यात ठेवला.