ढोरवाट

सह्याद्रीत बावीस वर्षं लोकांना डोंगरात घेऊन जातोय. या कामात सगळ्यात अवघड काय, असं कुणी विचारलं तर मी चढाचं नाव घेत नाही की कातळाचंही. अवघड असतं ते वाट ओळखणं.

हे मला हरिश्चंद्रगडावर उमगलं. खिरेश्वरहून निघालं की तोलार खिंडीत व्याघ्रशिल्प लागतं. पुढचा कातळटप्पा चढला की पठार येतं, पण देऊळ अजून लांब असतं आणि मध्ये एकसारख्या दिसणाऱ्या टेकड्या. जुलै महिना होता, दहा हातांपलीकडे नुसतं धुकं. मी नवखा, मागे चार मित्र. पायाखाली रुंद, तुडवलेली वाट होती म्हणून निर्धास्त चालत राहिलो. अर्ध्या तासाने ती एका डबक्यापाशी आली आणि गवतात विरून गेली. घोंगडीची खोळ घेतलेले एक बाबा तिथं गुरं वळत होते.

"ही ढोरवाट हाये, पोरा," ते म्हणाले. "ढोराला चारापाणी पायजे, तुला देऊळ पायजे. दोघांची वाट एक कशी व्हईल?"

त्यांनी आम्हाला पायवाटेला लावून दिलं. त्यांचा तो प्रश्न मी आजही प्रत्येक फाट्यावर स्वतःला विचारतो: ही वाट कुणाची, आणि तिला जायचंय कुठं?

आपले डोंगर लाव्ह्याच्या थरांचे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. उभा कडा, मग आडवा पदर, पुन्हा कडा, अशी त्यांची ठेवण. गुरं पदर धरून आडवी चरत जातात. माणसाला कडा ओलांडायचा असतो, म्हणून त्याची वाट सोंड, नाळ नाहीतर खिंड शोधते. चढ हवा असताना वाट बराच वेळ सपाटीनेच जायला लागली, झुडपांभोवती तिचे चार-पाच फाटे फुटले, तर मी थांबतो. फांद्या छातीशी आडव्या यायला लागल्या तरी थांबतो; गुरं त्यांच्या खालून जातात, डोक्यावर भारा घेतलेला माणूस जात नाही. माणसाच्या वाटेवर वळणाला दगड बसवलेले असतात, कातळात पाय ठेवून ठेवून खोबण्या गुळगुळीत झालेल्या असतात, आधाराच्या बुंध्याची साल हात लागून घासलेली असते. या खुणा धुक्यातही दिसतात, कारण त्या हाताच्या अंतरावर असतात.

खरा घात होतो तो उतरताना. वाट चुकते, खाली गावातली कौलं दिसतात आणि माणूस सरळ ओढ्यात शिरतो. एक टप्पा उडी मारून उतरतो, दुसराही उतरतो. तिसऱ्याला पायाखाली कोरड्या धबधब्याचा कडा असतो. खाली जाता येत नाही आणि ज्यावरून उडी मारली, तो टप्पा आता परत चढता येत नाही. म्हणून माझ्यासोबत येणाऱ्यांना मी एकच नियम घालून दिलाय: जिथून परत वर येता येणार नाही, तिथं उतरायचं नाही.

हल्ली मोबाइलमध्ये वाटेचा आराखडा असतो. मीही ठेवतो, त्याचा उपयोग होतो. पण नजर पडद्यावर खिळली की पायाखालची वाट वाचायची राहून जाते, आणि दाट रानात किंवा घळीत फोनवरचा ठिपका इकडे-तिकडे सरकतो. नाळेच्या तोंडाशी तेवढा फरकही पुरतो. म्हणून प्रत्येक फाट्यावर मी सगळ्यांना मागे वळून बघायला लावतो. परतताना तीच जागा वेगळी दिसते. ती आधीच डोळ्यांत साठवलेली बरी.

डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे. वाटेबद्दल शंका आली की "अजून थोडं पुढे बघू" म्हणू नका. जिथं वाटेची खात्री होती त्या शेवटच्या जागी परत या. अंधार पडला तर तिथंच बसून राहा, उजेडाची वाट बघा. रात्र निघून जाते.